आंद्रेचं पाणी, भाईंदरची गाडी

१९३६ साली बोरिवली ते विरार हा लोहमार्ग विजेवर आला आणि भाईंदरची खाडी विजेच्या लोकलने ओलांडली. त्या गाडीच्या टपावरच्या तारेतली वीज आणि पुलाखालून समुद्राकडे जाणारं पाणी, दोन्हींचा काही अंश मावळातल्या एकाच खोऱ्यातून आलेला होता. सह्याद्रीवरचा पाऊस कुठल्या बाजूला उतरवायचा, ह्याबद्दल त्याच्या वीसेक वर्षं आधी घेतलेल्या एका निर्णयाचं ते फळ होतं. मीरा-भाईंदरचा विसाव्या शतकातला इतिहास सांगताना मिठागरं, चाळी आणि मग इमारती असा क्रम लावण्याची पद्धत आहे. मला तो अपुरा वाटतो. हे शहर नदी, रेल्वे आणि वीज ह्या तीन कामांच्या सांध्यावर उभं आहे, आणि तिन्ही कामं आपल्याला शिकवली जातात त्यापेक्षा कितीतरी अधिक एकमेकांत गुंतलेली आहेत.

आधी नदी. उल्हास राजमाची-खंडाळ्याच्या डोंगरांत उगम पावते, कर्जत, बदलापूर करत कल्याणला येते आणि ठाण्याच्या उत्तरेला तिला फाटे फुटतात. एक फाटा ठाण्याच्या खाडीला जाऊन मिळतो. मुख्य प्रवाह घोडबंदरला वळसा घालून भाईंदर आणि नायगावच्या मधून अरबी समुद्रात उतरतो. ह्या शेवटच्या टप्प्यालाच आपण वसईची खाडी म्हणतो. भरतीला समुद्राचं पाणी आत चढतं आणि ओहोटीला तेच नदीच्या पाण्यासह परत फिरतं. खाडीच्या मधोमध पाणजू बेट आहे. त्यामुळे रेल्वेला इथे एक नव्हे, दोन पूल बांधावे लागले. भाईंदर ते पाणजू हा मोठा, सव्वा किलोमीटरहून लांब, आणि पाणजू ते नायगाव हा त्याहून बराच लहान.

ही दोन्ही कामं पहिल्यांदा झाली ती एकोणिसाव्या शतकात. बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे, म्हणजे लोकांच्या तोंडची बीबीसीआय, सुरतेकडून दक्षिणेला येत येत नोव्हेंबर १८६४ मध्ये ग्रँट रोडला पोचली. गुजरात ते मुंबई ह्या वाटेत नर्मदा, तापी, दमणगंगा, वैतरणा आणि वसईची खाडी अशी एकामागून एक रुंद पात्रं आडवी येतात. ती ओलांडायला कंपनीचे सल्लागार अभियंते कर्नल जे. पी. केनेडी ह्यांनी एकच ठरावीक नमुना ठेवला. प्रत्येक गाळा साठ फुटांचा, वर त्रिकोणी जाळीची लोखंडी तुळई आणि खाली मळसूत्री खांब. गाळे किती ते पात्राच्या रुंदीवर ठरायचं, बाकी सारं तेच. सुटे भाग इंग्लंडमध्ये साच्याने तयार होऊन जहाजाने यायचे.

मळसूत्री खांब ही चीज नीट समजून घेण्यासारखी आहे. खाडीच्या तळाशी खडक फार खोल असतो आणि वर असतो तो नुसता चिखल. तिथे दगडी पाया घालायचा तर पाणी अडवा, गाळ उपसा, मग बांधकाम करा, आणि हे सगळं रोजच्या दोन भरत्यांच्या मधल्या वेळात. त्याऐवजी ओतीव लोखंडाची पोकळ नळी उभी धरायची. तिच्या खालच्या टोकाला रुंद मळसूत्री पातं बसवलेलं असतं. वरच्या टोकाला चाक आणि लांब दांडे लावून ती गोल फिरवली की पातं चिखल कापत खाली जातं. एक नळी गाडली गेली की तिच्यावर पुढची जोडायची, पुन्हा फिरवायचं. पुरेशा खोलीवर पातंच खालच्या थरावर रुंद बैठक घेतं आणि वरचा भार तोलून धरतं. ही युक्ती अलेक्झांडर मिचेल नावाच्या आयरिश अभियंत्याची. तो आंधळा होता, आणि दीपगृहांचे पाये रेतीत रोवण्यासाठी त्याने १८३३ मध्ये ह्या खांबाचं पेटंट घेतलं होतं. आयर्लंडच्या किनाऱ्यावरची ही कल्पना तीस वर्षांत आपल्या खाडीच्या गाळात उतरली.

१२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून मुंबईच्या बॅकबेपर्यंत पहिली लोकल सुरू झाली. तिच्या स्थानकांच्या जुन्या यादीत वसईनंतर ‘पांजे’ येतं आणि एकदम बोरिवली. भाईंदरचं नाव त्यात नाही. खाडीतल्या बेटाला थांबा होता आणि आज आठ लाखांवर वस्ती असलेल्या शहराला नव्हता. मिठागरं, आगरी-कोळ्यांची गावं, उत्तन-डोंगरीची वस्ती, घोडबंदरचा किल्ला असं सगळं इथे होतं, पण रेल्वेच्या लेखी तो मधला रिकामा पट्टा होता.

आता पाणी घाटाच्या ज्या बाजूने आलं तिकडे जाऊ. लोणावळा परिसरात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. हे पाणी निसर्गतः पूर्वेला जातं. इंद्रायणी, आंद्रा, मुळा ह्या नद्या भीमेला मिळतात, भीमा कृष्णेला, आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला. कोकणचा कडा ह्या नद्यांच्या उगमापासून अगदी जवळ असतो, काही ठिकाणी जेमतेम काही किलोमीटरवर. तिथून खाली पाहिलं तर पाचशे मीटरचा सरळ उतार. मुंबईच्या गिरण्यांना तेव्हा दूरवरून आणलेल्या कोळशावर चालावं लागे. पाणी उगमापाशीच अडवून, बोगद्यातून पश्चिमेला वळवून ह्या कड्यावरून खाली सोडलं तर गिरण्या विजेवर चालतील, हा विचार डेव्हिड गॉसलिंग ह्या मुंबईतल्या वास्तुविशारदाने मांडला आणि जमशेटजी टाटांनी उचलून धरला. जमशेटजी १९०४ मध्ये गेले. काम त्यांच्या मुलांच्या हातून झालं. लोणावळा, वळवण आणि शिरवटा ह्या तलावांचं पाणी घेऊन खोपोलीचं वीजघर फेब्रुवारी १९१५ मध्ये सुरू झालं. आंद्रा नदीवर ठोकरवाडीचं धरण बांधून भिवपुरीचं वीजघर १९२२ मध्ये आलं. मुळा-निळा संगमावरच्या मुळशी धरणातून भिऱ्याचं वीजघर १९२७ मध्ये चालू झालं.

पाचशे मीटरवरून बंद नळातून आलेलं पाणी तळाशी तोटीतून सुटतं तेव्हा त्याचा वेग सेकंदाला शंभर मीटरच्या आसपास असतो, म्हणजे ताशी साडेतीनशे किलोमीटर. हा झोत चाकाच्या कडेने बसवलेल्या वाट्यांवर आदळतो आणि चाक फिरतं. एक हजार लिटर पाण्यामागे साधारण सव्वा युनिट वीज मिळते. एवढी शक्ती वाट्यांमध्ये रिती झाली की पाणी निवांत होऊन खालच्या कालव्यातून बाहेर पडतं. त्याचं पुढे काय होतं हे बहुतेक पुस्तकांत एका ओळीत उरकलं जातं. इथे मात्र तेच मुख्य आहे. खोपोलीचं पाणी पाताळगंगेला मिळतं. भिऱ्याचं पाणी कुंडलिकेला मिळतं, आणि कोलाडला सकाळच्या वेळी जे नौकानयन चालतं ते वीजघरातून सुटलेल्या ह्याच पाण्यावर. भिवपुरीचं पाणी उल्हासला मिळतं. म्हणजे जी आंद्रा आळंदी, पंढरपूर करत पूर्वेला गेली असती तिचा मोठा हिस्सा कर्जत, बदलापूर, कल्याण करत भाईंदरच्या पुलाखालून जाऊ लागला.

ह्याची किंमत कोणी मोजली तेही इथेच सांगायला हवं. मुळशी पेट्यातल्या शेतकऱ्यांनी आपली भाताची खाचरं बुडू नयेत म्हणून १९२१ च्या रामनवमीला सत्याग्रह सुरू केला. धरणाविरुद्धचा जगातला हा अगदी सुरुवातीचा संघटित लढा. पांडुरंग महादेव बापट ‘सेनापती’ झाले ते ह्याच लढ्यात. लढा हरला, गावं गेली, धरण पुरं झालं. पुढच्याच जानेवारीत, म्हणजे ५ जानेवारी १९२८ रोजी, कुलाबा ते बोरिवली टाटांच्या विजेवरची लोकल सुरू झाली. मुंबईच्या उपनगरी रेल्वेच्या गौरवगाथा खूप लिहिल्या गेल्या आहेत. मुळशीचा उल्लेख त्यांत शोधूनही सापडत नाही, ह्याचं मला मनापासून वाईट वाटतं.

मुंबईत पहिली विजेची गाडी त्याआधी, ३ फेब्रुवारी १९२५ रोजी, व्हीटी ते कुर्ला धावली होती. ती चालवणाऱ्या ग्रेट इंडियन पेनिन्सुला, म्हणजे जीआयपी रेल्वेने पुढे आपल्या गाड्यांसाठी ठाकुर्लीला कोळशावरचं स्वतःचं वीजघर उभारलं. बीबीसीआयने तसं न करता टाटांकडून वीज विकत घेतली. त्यामुळे पश्चिमेकडची लोकल सुरुवातीपासून प्रामुख्याने पावसाच्या पाण्यावर चालली.

ह्या गाड्यांना १५०० व्होल्टचा एकदिश प्रवाह लागायचा. त्याला कारण होतं. लोकलला दर दोन-चार मिनिटांनी थांबावं लागतं आणि पुन्हा झटक्यात वेग घ्यावा लागतो. एकदिश प्रवाहाच्या मोटरला सुरू होतानाच मोठा जोर असतो. डोंगरातून येणारी वीज मात्र प्रत्यावर्ती. तेव्हा रुळांच्या कडेने उपकेंद्रं बांधून तिथे ती बदलावी लागे, आधी फिरत्या यंत्रांनी आणि पुढे पाऱ्याच्या वाफेच्या दिष्टकारींनी. दाब कमी म्हणजे प्रवाह भरमसाट. दोन मेगावॉट घेणाऱ्या गाडीला १५०० व्होल्टवर तेराशे अँपिअरच्या वर प्रवाह लागतो. एवढा प्रवाह लांबवर नेला तर वाटेतच वाया जातो, म्हणून तारा जाड हव्यात आणि उपकेंद्रं जवळजवळ. शिवाय प्रवाह परत जातो तो रुळांतून. ओल्या, खारट जमिनीत त्यातला काही रुळ सोडून भलत्या वाटेने जातो आणि वाटेतले लोखंडी नळ कुरतडतो. वर इन्सुलेटरवर खारी हवा मिठाचा थर चढवते, त्यातूनही वीज झिरपते. खाडी, मिठागरं आणि भरतीच्या पाण्याने सदा ओली जमीन अशा पट्ट्यात तार टाकणं आणि ती टिकवणं ही देखभाल खात्याची रोजची झुंज. स्थानकात उभ्या असलेल्या माणसाला ती दिसत नाही.

१९३६ नंतर भाईंदर चर्चगेटशी विजेच्या गाडीने जोडलं गेलं. तरी गाव काही लगेच वाढलं नाही. मीठ पिकत राहिलं, आणि भरतीचं पाणी आत घेण्यासाठी व बाहेर रोखण्यासाठी बांध आणि उघाड्या सांभाळणं हेच इथलं खरं जलकाम राहिलं. नोव्हेंबर १९५१ मध्ये बीबीसीआय आणि इतर काही रेल्वे मिळून पश्चिम रेल्वे झाली. वाढ झाली ती मुंबई आणि तिच्या लगतच्या उपनगरांची, आणि तिच्यामुळे डोंगरातली वीज अपुरी पडू लागली. टाटांची तिन्ही वीजघरं मिळूनही पावसाळा दगा देईल त्या वर्षी हात आखडता घ्यावा लागे. १९५६ मध्ये ट्रॉम्बेला टाटांचं औष्णिक केंद्र आलं. पण मोठी झेप घेतली सरकारने, आणि ती सातारा जिल्ह्यात.

कोयना प्रकल्पाचं काम १९५४ मध्ये सुरू झालं. तत्त्व टाटांचंच, म्हणजे कृष्णेच्या उपनदीचं पाणी अडवून कोकणात पाडायचं. आकार मात्र कैकपट मोठा. १०३ मीटर उंचीचं धरण, शंभरावर टीएमसीचा शिवाजीसागर, आणि पोफळीला डोंगराच्या पोटात कोरलेलं वीजघर. पहिल्या टप्प्याचे संच १९६२ पासून फिरू लागले, १९६७ पर्यंत दुसरा टप्पाही पूर्ण होत आला. दोन्ही मिळून ५६० मेगावॉट. उच्च दाबाच्या वाहिन्यांनी ही वीज मुंबईकडे आली आणि टाटांच्या जाळ्याशी जोडली गेली. पाणी वाशिष्ठीत उतरून चिपळूणकडे गेलं. शंभराच्या आसपास गावं ह्या जलाशयाने विस्थापित केली. त्यांतली काही कुटुंबं सोलापूरला, काही रत्नागिरी-रायगडला आणि काही ठाणे जिल्ह्यात वसवली गेली. वीज आणि तिच्यासाठी घर सोडलेली माणसं, दोन्ही एकाच सुमारास मुंबईच्या परिसरात पोचली.

मग ११ डिसेंबर १९६७ ची पहाट. सव्वाचारच्या सुमारास कोयनानगर हादरलं. पावणेदोनशेहून अधिक माणसं गेली. दख्खनचं पठार म्हणजे न हलणारी जमीन, अशी तोवर अभियंत्यांची आणि भूशास्त्रज्ञांची धारणा होती. धरणाच्या आराखड्यात भूकंपासाठी गुरुत्वाच्या ०.०५ पट आडवा जोर गृहीत धरलेला होता. धरणातल्या यंत्राने नोंदवला तो ०.६३ पट, म्हणजे गृहीताच्या बारापट. तरी धरण उभं राहिलं. सांडवा नसलेल्या उंच भागात माथ्यापासून सुमारे ३६ मीटर खाली आडव्या भेगा गेल्या, त्या नेमक्या जिथे मागच्या बाजूचा उतार एकदम बदलतो तिथे. जाडी अचानक कमी होते तिथे ताण साठतो, हे त्या भेगांनी डोळ्यांपुढे मांडलं. मागून काँक्रीटचे टेकू बांधून धरण भक्कम करण्यात आलं. जगभरच्या धरण अभियांत्रिकीच्या पाठ्यपुस्तकांत कोयनेची ही भेग आजही शिकवली जाते, आणि जलाशयाच्या भाराने भूकंप होतात का ह्या प्रश्नावर आपल्या शास्त्रज्ञांनी अर्धं शतक तिथे ठाण मांडून काम केलं आहे. त्या दिवसांत कोयनेची वीज थांबली आणि मुंबई-पुण्याच्या कारखान्यांना कपात सोसावी लागली. दोनशे किलोमीटरवरच्या एका खोऱ्यावर हा सारा पट्टा किती विसंबून आहे, हे तेव्हा प्रत्येकाला कळलं.

भाईंदरचा नंतरचा विस्तार फार वेगाने झाला. १९८५ मध्ये नगरपरिषद, २००२ मध्ये महानगरपालिका, २०११ च्या जनगणनेत ८ लाख ९ हजार लोक. एवढ्या माणसांना लोकल पुरेना म्हणून रूळ वाढले, डबे वाढले, आणि १५०० व्होल्टची तार अखेर अपुरी ठरली. दोन मेगावॉटला २५ हजार व्होल्टवर ऐंशी अँपिअर पुरतात. तीच गाडी, तीच ताकद, प्रवाह मात्र सोळाव्या हिश्शाइतका. पश्चिम मार्गावरचं हे परिवर्तन टप्प्याटप्प्याने होत फेब्रुवारी २०१२ मध्ये संपलं. रूळ वापरात ठेवून, रात्रीच्या मोजक्या तासांत, रोजची लाखो माणसं अडू न देता सगळी तार, सगळे इन्सुलेटर, पुलांखालची सगळी अंतरं बदलणं हे काम मला कोयनेच्या बांधकामाइतकंच मोलाचं वाटतं. त्याचं उद्घाटन तेवढं गाजलं नाही इतकंच.

वीज आता कुठल्याही एका डोंगरातून येत नाही. राज्याचं आणि देशाचं जाळं एक झालं आहे, त्यात कोळसा, अणू, वारा, ऊन सारं मिसळलं आहे. तरी जलविद्युतला स्वतःची जागा आहे. कोळशाच्या संचाला थंड अवस्थेतून उठायला कित्येक तास लागतात, पाण्याचा संच काही मिनिटांत पूर्ण ताकदीला येतो. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबई महानगराची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. अशा वेळी सगळ्यात आधी हाताशी येतात ते शंभर वर्षांचे हे घाटातले तलाव.

पाण्याचं मात्र तसं झालं नाही. ते अजून त्याच डोंगरातून येतं. मीरा-भाईंदरला स्वतःचं धरण नाही. शहराला पाणी मिळतं ते मुख्यतः स्टेम प्राधिकरण आणि एमआयडीसी ह्यांच्याकडून. स्टेम उल्हासमधून शहाडजवळ पाणी उचलतं, एमआयडीसी बारवी धरणाचं पाणी उल्हासमध्ये घेऊन पुढे उचलतं. मार्च ते जून ह्या महिन्यांत उल्हास कल्याणपर्यंत वाहती राहते ती बारवीच्या आणि भिवपुरीतून सुटणाऱ्या आंद्रेच्या पाण्यामुळे. ठोकरवाडीचं धरण बांधणाऱ्यांच्या डोक्यात गिरण्या होत्या, पिण्याचं पाणी नव्हतं. पण वीज काढून झाल्यावर जे वाया जाईल असं वाटलं होतं त्याच्यावर आज कल्याण, उल्हासनगर, ठाणे, भिवंडी आणि मीरा-भाईंदर ह्या शहरांचे घडे भरतात.

आणि म्हणूनच एक वाद भाईंदरच्या दारात उभा आहे. कृष्णा पाणीतंटा लवादाने टाटांच्या धरणांतून सरासरी ४२.६ टीएमसी आणि कोयनेतून ६७.५ टीएमसी पाणी दरवर्षी पश्चिमेला वळवायला मान्यता दिली. भीमेच्या खोऱ्यातल्या, विशेषतः सोलापूरकडच्या शेतकऱ्यांचं म्हणणं असं की, वीज आता इतर मार्गांनी मिळते, तेव्हा आमच्या नदीचं पाणी आम्हाला परत द्या. त्यांची मागणी रास्त आहे. ज्या भागात पाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस पडतो त्याच्या वाट्याचं पाणी काढून धो-धो पावसाच्या कोकणात सोडणं हे ऐकणाऱ्याला विचित्र वाटणारच. पण आंद्रेचा पश्चिमेकडचा ओघ थांबला तर उन्हाळ्यात उल्हासच्या काठच्या उपसा केंद्रांनी काय उचलायचं, ह्याचंही उत्तर त्याच कागदावर असायला हवं. सूर्या प्रकल्पाचं पाणी मीरा-भाईंदरला आणण्याचं काम हाती घेतलं गेलं ते उल्हासवरचा हा भार थोडा हलका व्हावा म्हणूनही.

तोवर हिशेब जुनाच चालतो. दर वर्षी पावसाळा संपल्यावर आंद्रेत आणि बारवीत किती साठा आहे ते पाहिलं जातं, जुलैपर्यंतच्या दिवसांवर तो वाटला जातो, आणि तूट निघाली की उल्हासवर अवलंबून असलेल्या शहरांना आठवड्यातला एखादा दिवस पाणीकपात जाहीर होते. भाईंदरमध्ये त्या दिवशी टँकरसाठी फोन सुरू होतात.